सात तासवाल्यांनी एअरोचा नाद सोडावा

पंचगंगाकाठ

स्पष्टच लिहितो. पुढच्या वर्षी पहिला पूर्ण आयर्नमॅन ट्रायथलॉन करायचाय. ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल, मग ४२.२ किमी पळणं. वजन ८०, वय ४३, सायकलला मला पावणेसात-सात तास लागणार हे उघड आहे. दोन वर्षांपूर्वी हौसेनं ट्राय बाइक घेतली, म्हणजे एअरोत बसायची सायकल: पुढे आलेले बार, त्यावर कोपर टेकायचे पॅड, आणि हवा कमी अडावी म्हणून पुढे दुमडून बसायचं. अंगाच्या मापानं सायकल लावून देणाऱ्या फिटिंगवाल्यानं ट्रेनरवर (जागेवरच पेडल मारायच्या स्टँडवर) बसवून पॅड पार खाली नेले. फोटोत पाठ अशी सपाट की वर चहाचा कप ठेवावा.

मागच्या रविवारी कोल्हापूरहून पहाटे साडेचारला निघून बेळगावच्या अलीकडून फिरलो. परतताना तवंदी घाटाच्या आसपास मान वर धरवेना. रस्ता बघायचा तर डोळे कपाळात न्यावे लागत होते. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं झोपली, आणि सीटवर जे झोपायला नको तेही झोपलं. पॅडवर कोपर ठेवायचे, दोन मिनिटांत उठायचं, परत ठेवायचे. सगळं मिळून ७० किलोमीटर उठूनच चालवली. खाली उतरून पळायला लागलो तर कंबर सरळ व्हायला चार किलोमीटर गेले.

म्हणून माझं मत असं की एअरो हे ताशी चाळीसवाल्यांचं काम. आपण रोड बाइकवर बसावं, चारीठाव खावं-प्यावं आणि पळायला पाय शाबूत ठेवावेत. मी ट्राय बाइक विकतोय.

वॅटमोजणी

दादा, तुमची कंबर खरी, पण निष्कर्ष उलटा निघालाय. आकडेच मांडतो. तुम्ही ८० किलो, सायकल ९ किलो, सपाट रस्ता, वारा नाही. रोड बाइकच्या हूडवर (ब्रेकच्या मुठींवर) हात ठेवून ताशी २६ नं जायला साधारण ११० वॅट लागतात, त्यातले ७८ निव्वळ हवा कापायला. एअरोत अंगाचा हवेला अडणारा भाग पाचवा हिस्सा कमी झाला, तर त्याच ११० वॅटमध्ये वेग २८ होतो. म्हणजे १८० किलोमीटरला ६ तास ५५ मिनिटांऐवजी ६ तास २६. एकोणतीस मिनिटं, एक जादा पेडल न मारता.

हाच हिशोब ताशी ३० वाल्यासाठी केला तर त्याची २६ मिनिटं वाचतात. हळू जाणारा रस्त्यावर जास्त वेळ असतो, म्हणून मिनिटांत त्याचाच फायदा जास्त. 'आपण हळू, आपल्याला एअरो कशाला' हे ऐकून ऐकून कान किटले आहेत.

आणि हे ट्रायथलॉनवाल्यांना सांगावं लागतंय! १९८९ च्या टूर द फ्रान्सच्या शेवटच्या दिवशी अमेरिकेचा लेमाँ पहिल्या नंबरवरच्या फिन्योंच्या ५० सेकंद मागे होता. ट्रायथलॉनमधून आलेले एअरो बार लावून त्यानं फिन्योंला गाठलं आणि अख्खी टूर ८ सेकंदांनी मारली.

पंचगंगाकाठ

भावा, ती शेवटची रेस साडेचोवीस किलोमीटरची होती. लेमाँ सत्तावीस मिनिटांत घरी. सत्तावीस मिनिटं मी पण उलटा टांगून चालवीन.

तुझंच उदाहरण घ्यायचं तर २०२२ चं कोना, म्हणजे हवाईतली आयर्नमॅनची जागतिक स्पर्धा बघ. सॅम लेडलोनं ४ तास ४ मिनिटांत सायकल मारून विक्रम केला, आणि पळताना गुस्ताव इडननं २ तास ३६ मिनिटांची मॅरेथॉन पळून त्याला मागं टाकलं. जिंकला कोण?

वॅटमोजणी

इडन काय दूधवाल्याच्या सायकलवर बसून आला होता का? तोही चार तास दुमडूनच बसला होता, आणि तरी तसा पळाला. माझाच मुद्दा झाला.

तुमच्या रविवारचा हिशोबही करून टाकतो. ११० किमी एअरोत आणि ७० किमी उठून, म्हणजे २९ पैकी १८ मिनिटं वाचली, ११ गेली. ती पॅड खाली असल्यामुळे नाही गेली, उठल्यामुळे गेली. आता पॅड तीन सेंटीमीटर वर घेऊन पूर्ण १८० तसेच बसू शकलात, तर काय बिघडलं?

सुटी_चेन

तुम्ही दोघं मान, कंबर, वॅट सगळं बोललात, पण सीटचा विषय दादांनी एका वाक्यात उरकला. बायका यावर बोलत नाहीत, आणि पुरुष तर नाहीच नाहीत. मी बोलते.

एअरोत पुढे झुकलं की कमरेचं हाड पुढे फिरतं. रोड बाइकवर वजन बसायच्या दोन हाडांवर असतं, इथे ते पुढच्या मऊ भागावर येतं. साध्या सीटचं नाक नेमकं तिथे रुततं. गोव्याच्या ७०.३ ची (अर्ध्या आयर्नमॅनची) तयारी करत होते तेव्हा दर लांब राइडनंतर दोन दिवस नीट बसता येत नव्हतं. फिटिंगवाला म्हणाला, "सवय होईल." सवय झाली नाही, जखम झाली. त्यानंतर मीच एकेक गोष्ट बदलत गेले. आधी नाक दुभंगलेली सीट. मग १७० मिलिमीटरचा क्रँक (पेडलचा दांडा) काढून १६० चा. क्रँक दहा मिलिमीटर आखूड म्हणून सीट तेवढीच वर गेली, पेडल वर आलं की गुडघा छातीपासून दोन सेंटीमीटर लांब राहायला लागला. पोट दाबलं जात नाही, त्यामुळे खाल्लेलं खाली उतरतं. आधी तिसऱ्या तासाला खायचं एनर्जी जेल बघूनच मळमळायचं. पॅड दोन सेंटीमीटर वर घेतले आणि बारची पुढची टोकं थोडी वर वळवली, त्यामुळे कोपरांवर टेकता येतं, खांदे लोंबत नाहीत.

यात मी वेग घालवला का? नव्वद किलोमीटरला एकदाच उठले, तेही बाटली घ्यायला. मला तर वाटतं दादांना एअरो छळत नाहीये, दुसऱ्या कुणाच्या तरी अंगाचा एअरो छळतोय.

ब्रेव्हेवाले_काका

वाचून गंमत वाटली. आम्हाला ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब राइडला) चाळीस तासांत पोचायचं असतं, म्हणजे घाई अशी नसतेच. तरी माझ्या साध्या सायकलला क्लिपचे एअरो बार आहेत. हवेसाठी नव्हे, तळहातांसाठी. हँडलवर दहा तास वजन टाकलं की करंगळीची नस बोंब मारते. कोपर टेकले की हातांना सुट्टी. पॅड सीटच्या जवळपास उंचीला ठेवले आहेत, तरुण पोरं हसतात. हसू देत.

तेव्हा 'आराम की एअरो' हे भांडणच मला कळत नाही. टेकून बसणं हाच तर आराम. मात्र मानेचं ऐका हो पंचगंगाकाठ. मान थकते ती हळूहळू, आणि गेली की औषध नाही. दर वीस मिनिटांनी मुद्दाम उठा, एक घोट प्या, मान फिरवा, परत बसा. अर्ध्या मिनिटानं कुणाचा आयर्नमॅन हुकत नाही.

गतिरोधक

एक मिनिट. हे सगळं आपल्या हायवेवर करायचं कुठे? ट्राय बाइकच्या एअरो बारवर हात असताना ब्रेक हाताशी नसतात. समोरून राँग साइडनं म्हशीचं वैरण लादलेली लूना येते, दुभाजकातून कुत्रं उडी मारतं, आणि रंबलरचे पट्टे तर अंधारात दिसतच नाहीत. ट्रेनरवर जमलं म्हणजे जमलं असं नाही. ट्रेनर हलत नाही, ट्रेनरवर मान वर करून रस्ता बघावा लागत नाही. म्हणून तर तिथे पॅड इतके खाली जातात.

वॅटमोजणी

हे पटलं. ट्रेनरवरच्या फिटिंगमध्ये माणूस समोरच्या भिंतीऐवजी जमिनीकडे बघत असतो, मोजमापं छान येतात. दादा, तुमची फिटिंग किती वेळ चालली? वीस मिनिटं? मग ती वीस मिनिटांचीच पोझिशन आहे.

फुकटातली गोष्ट सांगून ठेवतो. परवाच एकाला बघितलं, चाकांवर लाखभर घातलेले आणि अंगात ढगळ टीशर्ट, पाठीवर नंबरचा कागद फडफडतोय. आधी अंगाला घट्ट बसणारा ट्रायथलॉनचा सूट घाला, छातीपुढे दोन हातांच्या मध्ये बाटली बांधा म्हणजे प्यायला उठावं लागणार नाही. पॅड खाली नेण्याचा विचार सगळ्यात शेवटी.

पंचगंगाकाठ

च्यायला, सगळे मिळून लागलाच की माझ्या मागं.

काल पहाटे हायवे सोडून आतल्या मोकळ्या रस्त्यावर करून बघितलं. पॅडखाली तीन सेंटीमीटरचे स्पेसर (उंची वाढवायच्या चकत्या) घातले, जुनं हँडल उतरवलं नाही. जाऊन-येऊन २४ किलोमीटर, पॉवर मीटर (पायांचे वॅट दाखवणारं यंत्र) ११० वर धरून, एकदा जुन्या उंचीला, एकदा नव्या. नव्या उंचीला चाळीस सेकंद जास्त लागली. ताईंसारखं 'काहीच गेलं नाही' असं माझं नाही झालं. पण जुन्या उंचीला पाच वेळा उठलो होतो, नव्यात एकदाही नाही, आणि कुत्रं आलं ते लांबूनच दिसलं. १८० ला याच हिशोबानं पाच मिनिटं जातील. दिली.

पळायचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही वॅटमोजणी. तुझ्या गणितात माणूस सायकलवरून उतरतच नाही. पुढच्या रविवारी १५० करून लगेच १५ पळणार. कंबर परत धरली तर रोड बाइक, मग तुझी २९ मिनिटं तुला लखलाभ. सीट आणि क्रँक बदलायचं बघतोय. ताई, १७२.५ वरून थेट १६० ला उडी मारू का मध्ये १६५ वर थांबू?

सुटी_चेन

उंची किती तुमची? आणि आधी सीट बदला, क्रँक नंतर. दोन्ही एकदम बदललंत तर कशानं बरं वाटलं ते कळणारच नाही.

नवखा_७०३

मध्येच बोलतो, माफ करा. म्हणजे ती ट्राय बाइक आता विकायची आहे की नाही?