मॅनटीच्या शेपटीला पट्टा का बांधतात?

ओरलँडोकर: आईबाबा भारतातून आलेत, म्हणून रविवारी फ्लोरिडातल्या ब्लू स्प्रिंग या झऱ्याच्या पार्कला नेलं. शेकडो मॅनटी (पाण्यात राहणारे, वनस्पती खाणारे मोठे सस्तन प्राणी), आई खूश. पण एकाच्या शेपटीला पट्टा आणि मागे दोरीला तरंगणारी अँटेना. आई म्हणे बिचाऱ्याला बांधून का ठेवलंय? शिवाय पार्कवाला म्हणाला की हा पिल्लू असताना सापडला होता, रिहॅबमध्ये (प्राण्यांच्या उपचार केंद्रात) वाढला. मग इतकी वर्षं सांभाळलाच होता तर थंडीत का सोडला, उन्हाळ्यात सोडायचा ना?

खारंपाणी: उलट थंडीतच सोडतात मुद्दाम! पाणी २० डिग्रीच्या खाली गेलं की मॅनटी आजारी पडतात, मरतात पण. जंगलातलं पिल्लू आईच्या मागे फिरून उबदार झरे कुठे ते शिकतं, या अनाथाला कोण शिकवणार? ब्लू स्प्रिंगचं पाणी बारा महिने २२ च्या आसपास, तिथे बाकीचे जमलेलेच असतात, त्यांच्यात सोडला की त्यांच्या मागे मागे जातो. आणि तो पट्टा म्हणजे सॅटेलाइट टॅग, पुढच्या हिवाळ्यात गडी झऱ्याला परत येतो की नाही हे त्यावरूनच कळतं. कुठे अडकला तर दोरी तुटेल अशीच केलेली असते, आईंना सांगा काळजी नको.

टँपाची मावशी: सोडायच्या आधी वजन पण बघतात हं, अनाथ पिल्लू साधारण २७० किलोचं झाल्याशिवाय नाही सोडत. बाटलीने दूध, मग लेट्यूस. पण लेट्यूस वर तरंगतं आणि सीग्रास (पाण्याखालचं गवत, त्यांचं नेहमीचं खाणं) असतं तळाशी, म्हणून खाणं खाली ठेवून खाली मान घालून चरायची सवय लावावी लागते.

ओरलँडोकर: अरे बापरे, आई तर पर्समधून कोबीचं पान काढत होती!!

खारंपाणी: दंड झाला असता, खायला घालणं बेकायदेशीर आहे, होजने पाणी पाजणं सुद्धा. माणसाची सवय लागली की बोटींजवळ येतात आणि मग बोटीच्या पंख्याने कापले जातात. गंमत बघा, २०२१ मध्ये फ्लोरिडात ११०० च्या आसपास मॅनटी मेले, पूर्व किनाऱ्यावरच्या इंडियन रिव्हर लगूनमधलं सीग्रास संपलं म्हणून त्यातले कितीतरी उपाशी, तेव्हा सरकारनेच टनांनी लेट्यूस टाकलं. पण ते सरकारने, आपण नाही.

ओरलँडोकर: आईला सगळं वाचून दाखवलं. म्हणते, सरळ एअरटॅग लावलाय म्हण की. कोबी परत आणला, आज भाजी.