पेट्रोलची गाडी घेणारे सगळे मूर्ख का हो?

पेठेतला: कालच्या पोस्टमध्ये एकाने लिहिलंय, 'पुण्यात राहून अजून पेट्रोलची गाडी घेणारा शुद्ध मूर्ख.' डोकं फिरलं म्हणून एवढं टंकतोय. अहो, तुमची इलेक्ट्रिक गाडी, तुमचं पोर्च, तुमचं सॉकेट. आमची गाडी रात्री बोळात उभी, तीही नऊच्या आत आलो तर. तिथे काय दुसऱ्या मजल्यावरून वायर सोडू? मेव्हण्याकडे जुनी इव्ही आहे, कागदावर एका चार्जिंगला ३१२ किमी, हायवेला एसी लावून कशीबशी दोनशे. कोल्हापूर २३० आहे, मध्ये खंबाटकीचा घाट. गणपतीत कराडच्या अलीकडे चार्जरवर पुढे दोन गाड्या, त्यातला एक जेवायला गेलेला. पोरं रडकुंडीला.

वाकडकर: ३१२ ही एआरएआयची रेंज, वेताळ टेकडीवरची ती गाड्या तपासणारी संस्था, म्हणजे रोलरवर पळवून काढलेली. रोज सकाळी त्याच टेकडीवर फिरायला जाता आणि हे माहीत नाही? मी चार वर्षं चालवतोय. महिन्याला हजार किमी, दीडशे युनिट, १५ अँपच्या साध्या सॉकेटवर रात्रभर. आणि घाट उतरताना थोडं चार्जिंग परत मिळतं, ते कोणी सांगत नाही. बोळात पार्किंग असेल तर नका घेऊ, जबरदस्ती केलीये का कोणी?

हिरवी पाटी: सॉकेट म्हणे! आमच्या सोसायटीत एनओसीला ११ महिने लागले. मीटर रूमपासून माझ्या पार्किंगपर्यंत चाळीस मीटर केबल, खर्च माझा, मीटर माझा, तरी एजीएममध्ये 'आग लागली तर?' विचारणारे काका खाली स्वतः सिगरेट ओढतात.

माजी खजिनदार: काकांवर घसरू नका. आमच्याकडे एका महाभागाने लिफ्टच्या मीटरवरून एक्स्टेंशन घेतलं होतं, तीन महिने बिल सगळ्यांनी भरलं. सात वर्षं खजिनदारकी केली, मीटिंगचा चहासुद्धा स्वखर्चाने. तुम्हा लोकांना कमिटीत या म्हटलं की वेळ नसतो.

हिरवी पाटी: 'तुम्हा लोकांना' म्हणजे? चोरी त्याने केली, हिशोब मी द्यायचा? आणि तीन महिने खजिनदार काय बिल न बघता सही करत होते?

माजी खजिनदार: जीभ सांभाळून.

वाकडकर: अरे गाडीवर बोला की.

पेठेतला: बोलतो. घरच्याच मीटरवर घेतलं आणि तुमच्या त्या दीडशे युनिटांनी महिना तीनशेपार गेला, की वरच्या युनिटांना पुढच्या स्लॅबचा दर. ते का लपवता?

वाकडकर: बरं बाबा, लागतो. तरी पेट्रोलपेक्षा स्वस्तच. आणि मूर्ख मी म्हटलं नव्हतं.

पेठेतला: उपकार झाले. तसा मेव्हणा शनिवारी येतोय, गाडी घेऊनच. परत जायला चार्जिंग लागणार, म्हणून गीझरचा १५ अँपचा पॉइंट बघून ठेवलाय, वायर बाथरूमच्या खिडकीतून बोळात. हसू नका. बायकोने सांगितलंय, सकाळी सहाच्या आत काढायची, तिला आंघोळीला गरम पाणी लागतं.