‘डीप स्पेस नाइन’ने ‘स्टार ट्रेक’चा सूर बिघडवला की कसोटीला लावला?

ध्रुवमत्स्य

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानकथा-मालिकांच्या विश्वातील ‘डीप स्पेस नाइन’ ही मालिका जानेवारी १९९३ मध्ये सुरू झाली. तिच्या पहिल्याच भागात बेंजामिन सिस्को हा अधिकारी नव्या अंतराळस्थानकाची सूत्रे हाती घेताना कॅप्टन पिकार्डला भेटायला जातो. पिकार्ड सौजन्याने विचारतो की, आपली पूर्वी कधी भेट झाली आहे का. आणि सिस्को थंडपणे सांगतो की हो, युद्धात झाली आहे. ‘द नेक्स्ट जनरेशन’ ही पिकार्डची आधीची मालिका पाहिलेल्या प्रेक्षकाला या उत्तराचा अर्थ उलगडून सांगावा लागत नाही. १९९० च्या एका जोडभागात बोर्ग या अर्धयांत्रिक समूहाने पिकार्डला पकडून, त्याचेच ज्ञान वापरून, वुल्फ ३५९ च्या लढाईत ३९ याने नष्ट केली होती आणि त्यांपैकी एका यानावर सिस्कोची पत्नी मरण पावली होती. त्या जोडभागात ती लढाई आपल्याला दिसलीच नव्हती. पिकार्डचे यान ‘एंटरप्राइझ’ तेथे पोहोचले तेव्हा केवळ अवशेष तरंगत होते. ‘डीप स्पेस नाइन’ त्या अवशेषांच्या आतून सुरू होते.

या दोन मालिकांपैकी एकीला उजळ आणि दुसरीला काळोखी ठरवून मोकळे होण्याची पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. माझ्या मते खरा फरक आहे तो घडून गेलेल्या गोष्टीची आठवण कोण आणि किती काळ वागवतो, हा. ‘नेक्स्ट जनरेशन’ हा कथासंग्रह आहे. दर आठवड्याला नवा ग्रह, नवा पेच, आणि पंचेचाळीस मिनिटांनंतर यान पुढच्या मुक्कामाकडे निघालेले. ‘डीप स्पेस नाइन’चे स्थानक मात्र जागचे हलू शकत नाही. खाली बजोर हा ग्रह आहे, ज्याने सुमारे पन्नास वर्षे कार्डॅशियन राजवटीची गुलामी सोसली आणि जो नुकताच स्वतंत्र झाला आहे. ज्या माणसांवर अन्याय झाला आणि ज्यांनी तो केला, ती दोन्ही माणसे त्याच बाजारपेठेतून रोज ये-जा करतात. अशा ठिकाणी कथा पंचेचाळीस मिनिटांत मिटवणे हा खोटेपणा ठरला असता.

१९९८ चा ‘इन द पेल मूनलाइट’ हा भाग मी या मालिकेचे शिखर मानतो. डोमिनियन या शत्रुसत्तेविरुद्धच्या युद्धात आपली बाजू हरत आहे आणि तटस्थ बसलेल्या रोम्युलन या दुसऱ्या परग्रही सत्तेला युद्धात ओढल्याशिवाय तरणोपाय नाही, हे ओळखून सिस्को गॅरॅक या माजी हेराच्या मदतीने एक बनावट पुरावा तयार करवतो. त्यातून एका रोम्युलन सिनेटरचा खून होतो, रोम्युलन युद्धात उतरतात आणि लक्षावधी प्राण वाचतात. सिस्को हे सगळे कॅमेऱ्याकडे पाहून, दैनंदिनी नोंदवत, आपल्याला सांगतो आणि शेवटी ती नोंद पुसून टाकतो. ज्यांच्या कानांवर लहानपणापासून ‘नरो वा कुंजरो वा’ पडलेले आहे, अशा आपल्यासारख्या प्रेक्षकांना या भागाची बोच वेगळ्या प्रकारे जाणवते. सत्यवचनी माणूस युद्ध जिंकण्यासाठी एकदाच खोटे बोलतो, आणि त्या एका खोट्यावर विजय उभा राहतो. ‘स्टार ट्रेक’चे जनक रॉडनबेरी यांचे आदर्श भविष्याचे स्वप्न येथे मोडलेले नाही. त्या स्वप्नाची किंमत किती, हा प्रश्न प्रथमच प्रामाणिकपणे विचारला गेला आहे.

रात्रपाळी

ध्रुवमत्स्य, आपले निरूपण आवडले, तरी निष्कर्ष मान्य नाही, आणि आपण निवडलेले उदाहरणच आपल्या विरोधात जाते असे मला वाटते.

प्रथम आठवणीविषयी. बोर्गांच्या त्या जोडभागानंतर लगेच ‘फॅमिली’ नावाचा भाग आला. त्यात एकही लढाई नाही. पिकार्ड फ्रान्समधील आपल्या गावी थोरल्या भावाकडे जातो, द्राक्षमळ्यात दोघांची झटापट होते, आणि चिखलात बसून हा संयमी माणूस रडतो, कारण त्याला आपल्याच हातून झालेला संहार थांबवता आला नव्हता. विज्ञानकथेच्या साप्ताहिक मालिकेने १९९० साली पूर्ण एक भाग माणसाच्या जखमेला द्यावा, ही साधी गोष्ट नव्हती. ‘द इनर लाइट’मध्ये पिकार्ड एका नष्ट झालेल्या ग्रहावरचे सगळे आयुष्य, संसार, मुले, नातवंडे, काही मिनिटांच्या बेशुद्धीत जगून येतो, आणि त्याच्याजवळ फक्त एक बासरी उरते. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आपल्या खुर्चीवर असतो, हे खरे आहे. परंतु पुढच्या हंगामातील ‘लेसन्स’मध्ये तो ती बासरी एका स्त्रीपुढे काढतो आणि तिची कहाणी सांगतो. आठवण ठेवणे म्हणजे ती रोज बोलून दाखवणे नव्हे. आपल्या घरातली मोठी माणसेही सगळ्यांत मोठे दुःख वर्षातून एखाद्या वेळीच बोलतात.

दुसरे असे की, एका भागात मिटणारी कथा ही कमी प्रतीची कथा असते, हा आपल्या मांडणीतला गृहीत धरलेला मुद्दा मला सर्वांत खटकतो. ‘द ड्रमहेड’ हा १९९१ चा भाग घ्या. एका तरुण कर्मचाऱ्याचे आजोबा रोम्युलन होते एवढ्यावरून त्याच्यावर देशद्रोहाचा संशय घेतला जातो आणि पाहता पाहता चौकशीची दहशत होते. ही कथा दहा भागांवर ताणली असती तर तिच्यात कटकारस्थाने आणि रहस्ये भरावी लागली असती. पंचेचाळीस मिनिटांत तिला एकच प्रश्न विचारता येतो आणि तो सरळ प्रेक्षकावर येऊन आदळतो.

आता ‘नरो वा कुंजरो वा’. आपण उपमा दिलीत, पण ती अर्ध्यावर सोडलीत. ते शब्द उच्चारताच युधिष्ठिराचा जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा रथ खाली टेकला, आणि शेवटी स्वर्गारोहणपर्वात त्याच कपटापायी त्याला नरकाचे दर्शन घ्यावे लागले. व्यासांनी हिशेब चुकता केला. सिस्कोचा रथ कधी टेकला? मालिका संपेपर्यंत ते कारस्थान रोम्युलनांना कळत नाही आणि सिस्कोला त्याचा जाब कोणी विचारत नाही. आठवण वागवणाऱ्या मालिकेने आपल्या नायकाच्या सर्वांत मोठ्या पापाची आठवण मात्र त्या पुसलेल्या नोंदीबरोबर टाकून दिली. ही मला धैर्याची नव्हे, सोयीची गोष्ट वाटते.

सातवा मजला

दोघांच्या वादात एक गल्लत होते आहे, ती दाखवावीशी वाटते. कथा सलग असणे आणि सूर गंभीर असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि त्यांची जोडी आपोआप जमत नाही हे याच विश्वातल्या इतर मालिकांनी सिद्ध केले आहे.

‘व्हॉयेजर’ १९९५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्याकडे या सर्वांत उत्तम कथाबीज होते. घरापासून सुमारे सत्तर हजार प्रकाशवर्षे दूर फेकले गेलेले यान, बंडखोर आणि शिस्तबद्ध सैनिक यांचा एकत्र आलेला ताफा, आणि कुठूनही न मिळणारी रसद. एवढी सामग्री हाताशी असूनही यान दर आठवड्याला लखलखीत होऊन पुढे निघे आणि बंडखोर तर पहिल्या काही भागांतच शिस्तीत मिसळून गेले. १९९७ च्या ‘इयर ऑफ हेल’ या जोडभागात यानाची चाळण होते, माणसे जखमी होतात, कॅप्टन जेनवे हळूहळू कठोर होत जाते, आणि शेवटी काळाचे चक्र उलटे फिरून त्यांतले काहीच घडलेले नसते. सूर गडद होता, पण परिणाम शून्य होता. त्याच सुमारास ‘डीप स्पेस नाइन’ सलग सहा भागांत गमावलेले स्थानक परत मिळवण्याची कथा सांगत होती. त्या काळी अमेरिकेत ही मालिका स्थानिक वाहिन्यांना विकली जाई, त्यामुळे एखादा भाग चुकला की प्रेक्षकाला धागा लागणार नाही ही भीती खरी होती. त्या भीतीला न जुमानता मालिकेची लेखनसूत्रे सांभाळणारे आयरा स्टीव्हन बेर आणि त्यांच्या लेखकांनी ते केले, याचे श्रेय रात्रपाळी यांनीही द्यायला हवे.

तरीही सलगतेची भक्ती करू नये, कारण २०१७ ची ‘डिस्कव्हरी’. पहिल्या हंगामाचे पंधरा भाग, पुढे त्याहूनही कमी, आणि प्रत्येक हंगामावर एकाच महासंकटाचे ओझे. त्यात यानावर काम करणाऱ्या साध्या माणसांची ओळख व्हायला जागाच उरत नाही. ‘डीप स्पेस नाइन’ला बहुतेक हंगामांत २६ भाग मिळाले. म्हणूनच शेवटच्या हंगामात, युद्ध ऐन भरात असताना, एक संपूर्ण भाग बेसबॉलच्या सामन्याला देता आला. तो सामना आपण पाहिलेला असतो, म्हणून ‘सीज ऑफ एआर-५५८’मध्ये त्या सामन्यात खेळलेल्या तरुण नॉगचा पाय जातो तेव्हा पोटात कालवते. (माझ्या आठवणीत ते दोन भाग इतके जवळ आहेत की एकाचा उल्लेख निघाला की दुसरा आठवतोच.) सुराचे वजन मोकळ्या वेळातून येते. २०२२ पासूनच्या ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्‌स’ने हंगामाला दहाच भाग घेऊनही सुट्या कथांकडे परतण्याचा निर्णय घेतला आणि कॅप्टन पाइकला स्वतःच्या भावी अपघाताचे ज्ञान देऊन ठेवले, हे मला शहाणपणाचे वाटते. कथा दर भागाला संपते, पण त्या माणसाच्या चेहऱ्यावर उद्याची सावली राहते.

ध्रुवमत्स्य

सातवा मजला, कथेचा घाट आणि तिचा सूर यांची मी केलेली गल्लत आपण योग्य दाखवलीत. ‘इयर ऑफ हेल’चे उदाहरण मीच द्यायला हवे होते.

रात्रपाळी, सिस्कोचा रथ टेकला नाही हा आपला आक्षेप मी दोन दिवस मनात घोळवला आणि त्यातला अर्धा भाग मी स्वीकारतो. सिस्कोला वैयक्तिक जाब विचारला गेला नाही, आणि एखाद्या भागात तरी एका रोम्युलन अधिकाऱ्यासमोर त्याला अवघडून बसावे लागायला हवे होते. परंतु हिशेब फक्त नायकाच्याच खात्यात लिहिला जातो असे नाही. युद्धाच्या ओघात उघड होते की, आपल्याच बाजूच्या फेडरेशन या ग्रहसंघातील एका गुप्त यंत्रणेने डोमिनियनच्या संस्थापकांमध्ये एक प्राणघातक रोग सोडला आहे, म्हणजे एक संपूर्ण वंश संपवण्याचा बेत आखला आहे. युद्धात सगळे क्षम्य आहे, ही सिस्कोने उघडलेली वाट अखेर कुठे पोहोचते, ते येथे दिसते. आणि १९९९ च्या अंतिम भागात युद्ध थांबते ते त्या रोगाने नव्हे आणि सिस्कोच्या खोट्यानेही नव्हे. ओडो हा त्याच वंशातला, पण आपल्या बाजूने राहिलेला सुरक्षाधिकारी शत्रूच्या नेत्या स्त्रीला स्वतःच्या स्पर्शाने बरे करतो, आणि ती शरण येते. सात वर्षे लेखकांनी आदर्शाला चिखलातून ओढत नेले आणि शेवटी त्याच आदर्शाच्या हाती निर्णय दिला. हे मला व्यासांच्या हिशेबापेक्षा कमी वाटत नाही.

रात्रपाळी

ओडोच्या त्या प्रसंगाविषयी माझे काहीही दुमत नाही. तो पाहताना दर वेळी माझेही डोळे भरून येतात. मात्र हाच प्रश्न ‘नेक्स्ट जनरेशन’ने १९९२ मध्ये ‘आय, बोर्ग’ या भागात विचारला होता, याची आठवण करून देतो. एक जखमी बोर्ग तरुण हाती लागतो. त्याच्यामार्फत घातक आज्ञावली पाठवून संपूर्ण बोर्ग समूह संपवता येईल, असा बेत ठरतो, आणि ज्याच्यावर त्यांनी सर्वाधिक अत्याचार केला तो पिकार्डच शेवटी नकार देतो, कारण त्या तरुणाला आता ह्यू हे नाव मिळाले आहे आणि तो ‘मी’ म्हणू लागला आहे. पुढच्या वर्षी ‘डिसेंट’मध्ये पिकार्डला या दयेबद्दल वरिष्ठांचे बोल ऐकून घ्यावे लागतात आणि आपण चुकलो का, असे तो स्वतःला विचारतो. म्हणजे कथासंग्रहानेही हिशेब ठेवला होता, आणि तोही नायकाच्या खात्यात.

ध्रुवमत्स्य

‘डिसेंट’ माझ्या ध्यानातून निसटला होता, हे कबूल. तरी या दोन कथांमध्ये जो फरक आहे त्यासाठीच मी हा धागा काढला. पिकार्डपुढे प्रश्न होता की हे करावे की नाही, आणि नाही म्हणण्याची संधी त्याच्या हातात होती. ओडो आणि डॉक्टर बशीर यांना कळते तेव्हा ते आपल्याच लोकांनी करून ठेवलेले असते, ओडो स्वतः त्या रोगाने झिजत असतो, आणि फेडरेशनचे वरिष्ठ औषध देण्यास नकार देऊन बसलेले असतात.