मदत हवी आहे: मेथोट्रेक्सेट चालू असलेल्या मुलीला लशी द्यायच्या की नाही?

जुळे सोलापूरकर

नमस्कार मंडळी. मुलगी पुढच्या महिन्यात पाच पूर्ण करेल. गेल्या पावसाळ्यात तिचा डावा गुडघा आणि घोटा सुजला. सकाळी उठली की तासभर लंगडायची, दुपारी जरा बरी. पडली असेल, वाढीचं दुखणं असेल, असं करत करत हाडांच्या डॉक्टरांकडे आणि तिथून पुण्याला गेलो. निदान जेआयए, म्हणजे लहान मुलांचा संधिवात. मेथोट्रेक्सेट (रोगप्रतिकारशक्ती दाबणारं औषध) आठवड्यातून एकदाच, रविवारी रात्री, सोबत फॉलिक ॲसिड. स्टेरॉइड सुरुवातीला थोडे दिवस होतं, ते बंद होऊन बरेच महिने झाले. आता सूज उतरली आहे, जिना पळत चढते.

कार्डावर दीड वर्षापर्यंतचं सगळं भरलेलं आहे: पोलिओ, गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस, ट्रिपलचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) पहिला बूस्टर. आता पाच वर्षांचा ट्रिपल यायचाय. लसीकरण केंद्रावर नेलं, तर सिस्टरनी औषधाचं नाव ऐकूनच कार्ड परत हातात दिलं. "असल्या गोळ्या चालू असताना मी काही टोचणार नाही, मोठ्या डॉक्टरांचं लिहून आणा." आमचे बालरोगतज्ज्ञ म्हणतात ट्रिपल बिनधास्त द्या, पण एमएमआरचा (गोवर-गालगुंड-रुबेला) तिसरा डोस आणि कांजिण्यांची लस पुण्याला विचारूनच. पुण्याची तारीख अजून लांब आहे. सासूबाईंचं म्हणणं वेगळंच: सांधे आत्ता कुठे शांत झालेत, सुई टोचून परत कशाला उठवायचे?

त्यात बालवाडीत दोन मुलांना कांजिण्या निघाल्यात. हिचा वर्ग वेगळा, पण डबा खायला सगळी एकाच व्हरांड्यात. हिने ती लस कधी घेतलेली नाही, कारण सरकारी यादीत ती नसते आणि आम्ही विकतची घेतली नव्हती. घरात धाकटाही आहे, त्याची दीड महिन्याची लस आता येईल. आशाताई पोलिओ रविवारची आठवण करून गेल्या. दोघांना थेंब पाजायचे का? ट्रिपलसाठी एक रविवार गोळी चुकवायची का? कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

कडक भाकरी

ताई, आमचा मुलगा अकरा वर्षांचा, हाच आजार. घाबरू नका हो. ट्रिपलच्या बूस्टरला आमच्याकडेही आजीबाई दारात आडव्या पडल्या होत्या. टोचल्यावर दंड दुखला, रात्री जरा ताप आला, "गुडघा पण दुखतोय" म्हणून रडला. डॉक्टरांनी लिहून दिलेलं पॅरासिटामॉल दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गल्लीत बॅट घेऊन हजर. सूज वगैरे काही आली नाही.

केंद्रावरच्या सिस्टरचा राग धरू नका. त्यांच्यावर जबाबदारी येते. आम्ही पुण्याच्या डॉक्टरांच्या असिस्टंटला व्हॉट्सॲपवर कार्डाचा फोटो पाठवला. लेटरहेडवर चार ओळी आल्या, त्याची प्रिंट काढून कार्डाला स्टेपल केली. त्यानंतर कुणी अडवलं नाही. फ्लूची लस दरवर्षी पावसाळ्याआधी घेतो. त्या एका चिठ्ठीसाठी हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे गाठायची गरज नाही.

सातरस्ता

स्पष्ट बोलतो, राग नको. लशींमुळेच हे आजार होतात. भाच्याला लस दिल्यावर आठवडाभर गुडघे दुखत होते. शरीर आपोआप बरं होतं, उगाच विष घालू नका.

बालरोगवाला

सातरस्ता, लशीनंतर काही दिवस ताप, अंगदुखी, सांधेदुखी होऊ शकते. जेआयए म्हणायला सांध्याची सूज किमान सहा आठवडे टिकावी लागते. तुमचा भाचा आठवड्यात बरा झाला, म्हणजे त्याला हा आजार नव्हता, आणि लशीमुळे तो होतो असंही नाही. ही मुलगी मात्र औषध बंद केलं तर "आपोआप" बरी होईल असं धरून चालत नाही, सांधा झिजू शकतो. त्यामुळे तो सल्ला इथे नको.

ताई, मी तुमच्या मुलीला तपासलेलं नाही, तेव्हा शेवटचा शब्द पुण्याच्या डॉक्टरांचा.

ट्रिपलमध्ये जिवंत जंतू नसतो. मेथोट्रेक्सेटवर ती देता येते आणि द्यावी. फार तर लशीचा परिणाम थोडा कमी उमटेल, पण अपाय नाही. टायफॉइडचं इंजेक्शन, फ्लूचं इंजेक्शन, न्यूमोकोकल (न्युमोनियाची लस), पुढे मोठी झाल्यावर एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची लस), सगळ्यांना हेच लागू. उलट अशा मुलांना फ्लू आणि न्युमोनियापासून जास्त जपावं लागतं. ट्रिपल सरकारी केंद्रावर सात वर्षांपर्यंत मिळते, त्यामुळे चिठ्ठी यायला पंधरा दिवस लागले तरी बिघडत नाही.

गोळीचं: ट्रिपलसाठी चुकवू नका. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या, म्हणजे अमेरिकन कॉलेज ऑफ र्‍हुमॅटॉलॉजीच्या २०२२ च्या मार्गदर्शनात फक्त फ्लूच्या लशीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवण्याचा पर्याय आहे, तोही आजार आटोक्यात असेल तर. तो निर्णय डॉक्टरांचा.

गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या या जिवंत लशी, म्हणून तुमचे डॉक्टर थांबलेत, बरोबरच केलं. पण "कधीच नाही" असंही नाही. नेदरलँड्समध्ये जेआयए असलेल्या ४ ते ९ वर्षांच्या १३७ मुलांवर एमएमआरच्या बूस्टरची चाचणी झाली, ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. लस घेतलेल्या मुलांचा आजार न घेतलेल्यांपेक्षा बळावला नाही, आणि त्यांत मेथोट्रेक्सेटवरची मुलंही होती. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२१ च्या शिफारशी मेथोट्रेक्सेटवरच्या मुलांना एमएमआरचा बूस्टर देण्याचा विचार करता येतो असं म्हणतात, आणि कांजिण्या न झालेल्या मुलांना ती लस देण्याचा तर आवर्जून विचार करा म्हणतात. जास्त मात्रेचं स्टेरॉइड किंवा बायोलॉजिक (रोगप्रतिकारशक्तीच्या ठरावीक भागावर काम करणारं औषध) चालू असेल तर हिशोब बदलतो. म्हणून पुण्याला नुसतं "लस देऊ का" विचारू नका. आत्ताचं वजन, मेथोट्रेक्सेटची मात्रा आणि स्टेरॉइड कधी बंद झालं, हे कळवा आणि कांजिण्यांच्या लशीचं नाव घेऊन विचारा.

शाळेतल्या कांजिण्यांचं आजच बघा. हिला संसर्ग पोचला असण्याची शंका असेल तर पुरळ येण्याची वाट न बघता फोन करा. संसर्गानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं) किंवा विषाणूवरचं औषध देण्याचा विचार होतो. आणि ताप आला म्हणून मनाने ॲस्पिरिन अजिबात नको.

जुळे सोलापूरकर

खूप धन्यवाद दोघांना. शाळेत फोन केला. पुरळ निघालेली मुलं सोमवारपासून घरी आहेत, पण त्याआधी दोन दिवस सगळी एकत्र डबा खात होती. पुण्याला निरोप टाकलाय. पोलिओ थेंबांचं राहिलं. आणि धाकट्याच्या लशी थांबवायच्या का?

बालरोगवाला

धाकट्याच्या थांबवू नका. घरातले बाकीचे सगळे लस घेतलेले असणं हेच मुलीचं मोठं संरक्षण. तुम्ही दोघं आणि आजीसुद्धा फ्लूची लस घ्या. नऊ महिन्यांचा झाला की त्याचं गोवर-रुबेला, पुढे कांजिण्या, सगळं वेळेवर. कांजिण्यांच्या लशीनंतर त्याच्या अंगावर पुरळ उठलं, तरच ते जाईपर्यंत मुलीपासून जरा लांब ठेवायचा.

अपवाद तोंडाने द्यायच्या पोलिओचा. तो जिवंत विषाणू बाळाच्या शौचातून काही आठवडे बाहेर पडतो. म्हणून रोगप्रतिकारशक्ती दाबणारं औषध घेणारं कुणी घरात असेल तर थेंब टाळा आणि पोलिओचं इंजेक्शन घ्या, असं सांगतात. खासगीत मिळणाऱ्या सहा आजारांवरच्या एकत्र लशीत ते असतंच. मुलीलाही पोलिओ रविवारी थेंब नकोत. जन्मानंतर बाळाला थेंब पाजले असतील तर हाय खाऊ नका, मुलीचे स्वतःचे पोलिओचे डोस आजाराआधीच झालेत. रोटाव्हायरसचे थेंब मात्र बाळाला द्या, फक्त लंगोट बदलल्यावर हात साबणाने धुवा आणि ते काम मुलीकडे देऊ नका. या वयात मोठी बहीण फार उत्साहाने मदतीला येते.

कडक भाकरी

आशाताईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर बूथवर नेलं नाही म्हणून सोमवारी टीम दारात उभी राहते आणि परत तीच रामायणं. आमच्या आशाताईंनी वहीत नोंद करून घेतली, विषय संपला.

जुळे सोलापूरकर

पुण्याहून फोन आला. मुलीला उद्याच इथल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवायला सांगितलंय. कांजिण्यांची औषधं ते दोघं बोलून ठरवतील, आणि हे निस्तरलं की कांजिण्यांच्या लशीचं बघू म्हणाले. ट्रिपलची चिठ्ठी संध्याकाळपर्यंत येईल. सासूबाईंना 'बालरोगवाला' यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. फ्लूची लस स्वतःलाही घ्यायची हे ऐकल्यावर त्यांनी विषय बदलला.

अजून एक: डोळ्यांची तपासणी दर तीन महिन्यांनी करा असं पुण्याला लिहून दिलंय. तिला दिसायला तर काही त्रास नाही. खरंच लागते का? वेगळा धागा काढू?

बालरोगवाला

इथेच चालेल. लागते. या आजारात डोळ्याच्या आत सूज येऊ शकते आणि डोळा लालही होत नाही, दुखतही नाही. स्लिट लॅम्पवरच (डोळे तपासायचं सूक्ष्मदर्शक यंत्र) कळते. त्यासाठी पुण्याला जायला नको, सोलापुरात कुठल्याही चांगल्या नेत्रतज्ज्ञांकडे होईल. निदान जेआयए आहे हे त्यांना आधी सांगा.