संत की पवित्र जन? पत्रिकेत काय छापू?

जालनेकर:
मंडळी, गुरुवारी प्रूफ द्यायचंय, म्हणून घाईत धागा काढतोय. २ नोव्हेंबरला आमच्याकडे कबरस्तानात जायची पद्धत आहे. गवत काढायचं, चुना मारायचा, झेंडूची फुलं, मेणबत्त्या. आमचं घर चर्च ऑफ नॉर्थ इंडियातलं, म्हणजे प्रोटेस्टंट, धाकटी भावजय गंगापूरकडची कॅथलिक. यंदा दोन्हीकडच्यांनी मिळून उपासना ठेवली आणि इंग्रजी पत्रकाचं मराठी माझ्या गळ्यात पडलं. १ तारखेच्या 'ऑल सेंट्स'ला मी 'सकल संत दिन' लिहिलं आणि २ तारखेच्या 'ऑल सोल्स'ला 'सर्व आत्म्यांचा दिवस'. मोठ्या आईला वाचून दाखवलं, तर म्हणे, "संत पैठणला, नर्सीला. आपल्यात पवित्र जन. अन् हे आत्म्यांचं काय लावलंय, पोरं भिऊन यायची नाहीत." शास्त्रात, म्हणजे बायबलात, 'पवित्र जन' आहे हे खरं. पण 'सकल पवित्र जन दिन' ही काय मराठी झाली? सुचवा काहीतरी.

गोदाकाठ:
संत शब्दाचा सातबारा कुणाच्या नावावर नाही, बिनधास्त छापा. आपेगाव, पैठण, गंगाखेड, तेर, जांब, नर्सी, एवढे संत आपल्याच पट्ट्यात, म्हणून मोठ्या आईला तो शब्द दुसऱ्याच्या घरचा वाटत असेल. माझी चीड वेगळीच आहे. २०१६ साली मदर तेरेसांच्या वेळी पेपरांत 'संतपद बहाल' वाचलं. पद बहाल करायला ते काय तहसीलदाराचं आहे? आपल्याकडे लोकांच्या तोंडून माणूस संत होतो.

अर्धाकच्चा:
बहाल नाही कसं? गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेकाचं डोकं वाजवलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही कथा तेरची पोरंही सांगतील. संतपद देण्याआधीची रोमची चौकशी याहून निराळी काय? तिथं कागद जास्त, एवढंच.

शब्दखोदाई:
मूळ मुद्दा कुणी घेतच नाही. 'संत' हा 'सेंट'च आहे. लॅटिन सांक्तुस, पोर्तुगीज सांतो, मग गोव्यामार्गे संत. मी हे वीस वर्षं सांगतोय.

दौत-टाक:
वीस वर्षं चुकीचं सांगताय. ज्ञानेश्वरी १२९० ची, वास्को द गामा कालिकतला आला १४९८ ला. ज्ञानेश्वरीत पानोपानी संत आहेत, ते काय गलबताची वाट बघत बसले होते? संस्कृत 'सत्'चं अनेकवचन 'सन्तः'. म्हणजे असलेले, खरे, भले. सांक्तुसचा धातू वेगळा, त्यात पवित्र करून राखून ठेवल्याचा अर्थ आहे. दोन्ही शब्द दिसायला जुळे, पण आया वेगळ्या.

शब्दखोदाई:
दिसतात सारखे, अर्थ सारखा, तरी नातं नाही म्हणे. असो.

गंगापूरची:
आमच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, 'संत'च म्हणतात, कुणाला काही वाटत नाही. उलट ४ ऑक्टोबरला 'असिसीकर संत फ्रान्सिस' ऐकायला मला फार आवडतं. नुसतं '-कर' लावलं की इटलीचा माणूस आपला पाव्हणा होतो! माझ्या मावशीला कितीतरी वर्षं वाटायचं, असिसी वैजापूरच्या पुढं कुठंतरी आहे.

दौत-टाक:
मग 'पदुआकर अंतोनी' पण म्हणा.

गंगापूरची:
म्हणतोच!

बेथेलवाला:
थोडं शास्त्राचं बोलू. बायबलात पौलाची पत्रं आहेत, त्यांतले 'पवित्र जन' जिवंत होते. इफिसचे, फिलिप्पैचे, रोजच्या मंडळीतले. करिंथकरांना त्यानं आधी पवित्र जन म्हटलं आणि पुढं भांडणांवरून, कोर्टकचेऱ्यांवरून चांगलं झापलं. म्हणजे तो शब्द तुमच्या-माझ्यासाठी आहे. १ नोव्हेंबर मात्र गेलेल्यांचा, ज्यांची नावं पंचांगात आली नाहीत त्यांचाही. मोठ्या आईचा आग्रह पटतो, पण तारीख जुळत नाही. गंमत म्हणजे 'हॅलोविन'मधला 'हॅलो' हा जुन्या इंग्रजीत पवित्र माणूसच. कवट्या लावून पोरं नाचतात ती पवित्र जनांची पूर्वसंध्या!
आणि भाषांतर करायलाच हवं का? नारायण शेषाद्रींनी १९ व्या शतकात जालन्याजवळ वस्ती केली, तिला 'बेथेल'च म्हटलं. हिब्रूत देवाचं घर. कुणी 'देवघर' नाही केलं.

मायमराठी:
भाषांतर हवंच. आणि जालनेकर, आधी तुमचं 'कबरस्तान' काढा. निजाम १९४८ ला गेला, शब्द कशाला सांभाळता? 'दफनभूमी' हा स्वच्छ मराठी शब्द आहे.

अर्धाकच्चा:
'दफन' अरबी आहे, दादा.

गोदाकाठ:
आणि आधीचा तहसीलदार पण. मीच आणला होता.

मायमराठी:
निदान 'भूमी' तरी आहे त्यात.

परभणीची सून:
आमच्याकडं हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती कुणीही गेलं तरी लोक "मातीला जायलाव" म्हणतात. हाच सगळ्यात मराठी शब्द. पण पत्रिकेत 'माती' छापलं तर मागच्या आठवड्यात कोण गेलं म्हणून फोन येतील. 'आत्मे' मात्र नकोच. गोव्यात 'आल्मांचो दीस' म्हणतात, ते कानाला गोड लागतं, कारण आपल्याला आल्मा माहीत नाही. आत्मा म्हटलं की पिंपळ आठवतो.

गंगापूरची:
अवांतर: नवरात्राच्या आधी, सप्टेंबरात, आमची अख्खी वाडी टेम्पोनं श्रीरामपूरजवळच्या हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला जाते. यातलं 'मत' म्हणजे काय? शाळेत बाई म्हणाल्या, मत म्हणजे धर्ममत.

शब्दखोदाई:
मोती! मोतमाउली. वांद्र्याच्या कोळ्यांची.

दौत-टाक:
वांद्र्याला 'माउंट मेरी'तल्या 'माउंट'चं, म्हणजे डोंगराचं, 'मोत' झालं, असंही सांगतात. मोत्याची गोष्ट नंतर जोडली असणार.

शब्दखोदाई:
कोळ्यांना समुद्रातल्या मूर्तीचं स्वप्न पडलं होतं, ते काय डोंगराचं पडलं होतं? आणि हरेगावात डोंगर दाखवा मला. सपाट ऊस आहे नुसता.

गोदाकाठ:
नाव यात्रेबरोबर गेलं असेल, डोंगर मागं राहिला.

जालनेकर:
प्रूफ गेलं, पत्रिका छापूनही आली. २ तारखेचं नाव शेवटी मोठ्या आईनंच दिलं. ती मला आजोबांच्या कबरीपाशी घेऊन गेली. पाटीवरचा शेवाळ नखानं खरवडला, तर खाली 'प्रभूत झोपी गेले' असं निघालं, 'प्र' अर्धा उडालेला. म्हणाली, "हे वाच अन् तेच लिही." तर 'प्रभूत झोपी गेलेल्यांची आठवण' छापलंय.
१ तारखेला 'सकल संत'च ठेवलं आणि तिथंच घोळ झाला. कार्तिकीच्या सप्ताहांचे कागद छापायची घाई चाललेली. प्रेसच्या पोरानं 'संत' वाचलं आणि चारी बाजूंनी वीणा-चिपळ्यांची किनार घालून दिली. तीनशे प्रती. भावजय डोक्याला हात लावून बसली. मोठ्या आईनं पत्रिका उलटीसुलटी करून बघितली, म्हणाली, "चिपळ्या आपल्याही भजनात हायेत. क्रूस तेवढा राहिला, तो पेनानं काढा." काल रात्री चौघं बसून तीनशे क्रूस काढले.

बेथेलवाला:
एक प्रत माझ्यासाठी ठेवा.

शब्दखोदाई:
हरेगावला कुणी गेलं तर तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, मोत म्हणतात की मत. लिहून आणा, तोंडी नको.