न्हा ट्रांग ते दा लात दुचाकीवर: सासरे आणि लेक सोबत असताना जमेल का?

नाशिकची_अनु
जानेवारीत आम्ही चौघं व्हिएतनामला जातोय: मी, नवरा, तेरा वर्षांची लेक आणि सासरे (अण्णा, वय 67). न्हा ट्रांगच्या किनाऱ्यावरून डोंगरातल्या दा लातला बसने न जाता दुचाकीने जायचं नवऱ्याने मनावर घेतलंय. अण्णांनी तरुणपणी राजदूतवरून सापुतारा केलंय, त्यामुळे तेही तयार. मी मात्र धास्तावलेय. आरटीओतून आयडीपी (परदेशात गाडी चालवायचं आंतरराष्ट्रीय लायसन्स) काढलं की झालं का? घाट कसा आहे? लेकीला गाडी लागते, तिचं काय? घरच्यांना घेऊन कुणी गेलं असेल तर सविस्तर सांगा.

चिपळूणची_मीरा
अनुताई, आम्ही गेल्या फेब्रुवारीत गेलो होतो. आम्ही दोघं, दहावी झालेला मुलगा आणि माझी आई.

आधी लायसन्सचं. आपल्याला मिळतं ते आयडीपी 1949 च्या जिनिव्हा करारातलं, आणि व्हिएतनाम मानतं 1968 च्या व्हिएन्ना करारातलं. भाड्याने गाडी देणारे सहसा काही विचारत नाहीत, पण अपघात झाला की विम्याचे पैसे अडकतात. म्हणून नवऱ्याला आधीच सांगा, स्वतः चालवायची नाही. तिकडे स्थानिक चालक आपल्याला मागे बसवून नेतात, त्यांना इझी रायडर म्हणतात. बॅगाही तेच मागे बांधतात. आम्ही चौघांसाठी चार जण ठरवले.

अंतर साधारण 140 किलोमीटर. खान्ह विन्हपर्यंत सपाट, उकाड्याचा रस्ता. मग खान्ह ले घाट लागतो, तो 30 किलोमीटरच्या वर. आमचा कुंभार्ली चढून झाला तरी चढ संपतच नाही असं समजा. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्याही वर जातो.

आमची एक चूक झाली, ती तुम्ही करू नका. किनाऱ्यावर घाम येत होता म्हणून स्वेटर बॅगेत टाकले आणि बॅगा करकचून बांधल्या. शिवाय निघायलाच अकरा वाजले. घाटाच्या मध्यावर धुकं असं उतरलं की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसत होता. एका वळणावर थांबलो, तर आईची बोटं इतकी गारठलेली की हेल्मेटचा पट्टा तिला सुटेना. तिच्या चालकाने, पन्नाशीचा असेल, स्वतःचे हातमोजे काढून तिच्या हातांत चढवले, एकेक बोट नीट बसवलं, आणि पुढच्या टपरीपर्यंत उघड्या हातांनी गाडी चालवली. टपरीत झोळ्या टांगलेल्या होत्या. आईला एकीत बसवून त्याने गरम चहा आणून दिला. ती त्याच्याशी मराठीत बोलत होती, तो त्याच्या भाषेत. दा लातला उतरल्यावर आईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या माणसाची आठवण ती अजून काढते.

तेव्हा स्वेटर, हातमोजे, कानटोपी हाताशी ठेवा आणि सकाळी सातलाच निघा. शाकाहारी असाल तर ‘चाय’ (chay) ही पाटी शोधा. तिकडे त्याचा अर्थच शाकाहारी.

निवृत्त_डॉक्टर_सातारा
जानेवारी चांगला. ऑक्टोबर ते डिसेंबर त्या किनाऱ्याकडे जोराचा पाऊस असतो, घाटात दरडी कोसळतात.

अण्णांना न्हा ट्रांगचं येर्सिन संग्रहालय जरूर दाखवा. अलेक्सांद्र येर्सिन हा जंतुशास्त्रज्ञ 1893 मध्ये दा लातच्या पठारावर पोहोचला, आणि त्याच्याच सांगण्यावरून पुढे तिथे थंड हवेचं ठाणं वसलं. 1894 मध्ये हाँगकाँगला त्याने प्लेगचा जंतू ओळखला. 1897 मध्ये तो सीरम घेऊन मुंबईत आला होता. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. मी आयुष्यभर जंतूंची नावं लिहिली, पण त्याचं छोटं लाकडी टेबल आणि दुर्बिणी पाहताना डोळे भरून आले.

नाशिकची_अनु
मीराताई, अण्णांना सगळं वाचून दाखवलं. हातमोज्यांचं ऐकून ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “मागेच बसू.” नवराही तयार झालाय. चार चालकच घेतो. डॉक्टर, संग्रहालयासाठी एक दिवस वाढवलाय. फक्त लेकीच्या गाडी लागण्याचं तेवढं सांगा.

चिपळूणची_मीरा
माझ्या मुलालाही बसमध्ये लागते, तिथे अजिबात लागली नाही. तोंडावर वारा असतो आणि रस्ता समोर दिसतो. तरी निघताना पोटभर खायला देऊ नका, खिशात आलेपाक ठेवा. आणि तिच्या चालकाला सगळ्यांच्या पुढे राहायला सांगा, म्हणजे ती तुमच्या नजरेसमोर राहील.