सिंगल म्हणजे एकल नव्हे

प्रश्न: एका रॅप अल्बमवर मराठीत लेख लिहितोय. 'सिंगल'ला मी 'एकल' लिहिलं, तर संपादकबाईंनी समासात खूण केली : "यात तिघं आहेत. एकल कसं?" आता अडलोय. गाण्याच्या नावात येणारं 'फीट.' (feat., म्हणजे 'फीचरिंग') आणि 'कोलॅबोरेशन' (सहयोग) यांचंही सांगा. जुगलबंदी चालेल?

उत्तर: बाईंचं बरोबर आहे. 'एकल' हा शब्द गाणारे किती ते सांगतो. 'सिंगल' सांगतो ते गाणं बाजारात कसं आलं ते, म्हणजे अल्बममधून सुटं काढून किंवा अल्बम नसतानाच. १९७९ चं 'रॅपर्स डिलाइट' घ्या. शुगरहिल गँगचे तीन रॅपर, बारा इंची तबकडी, साडेचौदा मिनिटांच्या आसपास लांबी, आणि तरी सिंगलच! मी 'सुटं गाणं' लिहितो.

– 'सुटं गाणं' म्हटलं की मला सुटे पैसे आठवतात. 'सिंगल'च ठेवा, वाचणाऱ्याला कळतं. फक्त लिंगाचा गोंधळ आहे : कोणी 'सिंगल आला' म्हणतं, कोणी 'आलं'. गाणं मनात धरलं तर 'आलं'च हवं.

– अल्बमला तरी कोण मराठी शोधतंय? मुळात तो फोटोंसारखाच अल्बम होता. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटंच मावायची, म्हणून मोठ्या रचनेच्या चार-पाच तबकड्या खिसे असलेल्या जाड पुस्तकात घालून विकत. १९४८ मध्ये एलपी (जास्त वेळ वाजणारी 'लाँग प्ले' तबकडी) आली, सगळं एका तबकडीवर बसलं. पुस्तक गेलं, नाव राहिलं. 'मिक्सटेप'चंही (मुळात कॅसेटवर एकत्र भरलेली गाणी) तेच, टेप कधीच संपली. चान्स द रॅपरचं 'कलरिंग बुक' (२०१६) मिक्सटेप म्हणूनच आलं, तेही फक्त स्ट्रीमिंगवर, आणि २०१७ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं ते सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचं. तेव्हा या दोन शब्दांमधली भिंत फार पक्की समजू नका.

उत्तर (पुढे चालू): 'फीट.' देवनागरीत लिहू नका, लोक फूट-इंच वाचतात. 'सोबत' लिहिणारे बरेच आहेत, पण त्यात मुद्दा निसटतो. 'फीचरिंग'मध्ये गाणं एकाच्या मालकीचं असतं, दुसरा येतो, आपलं कडवं म्हणतो (बहुधा सोळा बारचं, बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) आणि जातो. यासाठी मराठीत तयार शब्द आहे, सिनेमाच्या श्रेयनामावलीत वर्षानुवर्षं झळकतोय : पाहुणा कलाकार. दोघंही यजमान असतील तिथे मात्र सरळ 'आणि'. 'वॉच द थ्रोन' (२०११) हा जे-झी आणि कान्ये वेस्ट यांचा अल्बम आहे. तिथे कोणालाही पाहुणा म्हटलंत तर चूकच.

जुगलबंदी नको. तीत दोघं समोरासमोर बसून एकमेकांचं ऐकत उत्तर देतात. रॅपमधल्या सहयोगात एकाचं कडवं आज ध्वनिमुद्रित होतं, दुसऱ्याचं महिन्याने भलत्याच शहरात, आणि दोघांची भेटही झालेली नसू शकते. दोन रॅपरांच्या समोरासमोरच्या सामन्याला, म्हणजे बॅटलला, एक वेळ जुगलबंदी म्हणेन, पण तिथेही 'कलगीतुरा' जास्त शोभतो.

– 'कोलॅबोरेशन' या शब्दावरून ग्रॅमीवाल्यांनाही पाटी बदलावी लागली. २००२ पासून 'बेस्ट रॅप/संग कोलॅबोरेशन' ('संग' म्हणजे sung, गायलेलं) असा पुरस्कार होता. पहिल्या वर्षी तो रॅपर ईव्ह आणि तिच्या गाण्यातली पाहुणी गायिका ग्वेन स्टेफानी यांना मिळाला. पुढे एकच माणूस रॅपही करू लागला आणि गाऊही, मग सहयोग कोणाचा कोणाशी? २०१७ च्या सोहळ्यात 'कोलॅबोरेशन'च्या जागी 'परफॉर्मन्स' आलं आणि पुरस्कार 'हॉटलाइन ब्लिंग'साठी एकट्या ड्रेकने नेला.

प्रश्नकर्ता: म्हणजे 'हॉटलाइन ब्लिंग' सिंगलही आणि एकलही. बाईंना हे सांगतो, पण खूण केलेली ओळ 'सिंगल आलं' अशी करून.